पुस्तक मिटा, आधी स्वतःच्या घराची पॉलिसी वाचा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,
मी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते. सांगलीला एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या शाखेत मी नऊ वर्षं नोकरी केली. आधी मोटार आणि फायरचं काम, नंतर क्लेम. नवऱ्याच्या बदलीमुळे इकडे आलो. आता एच-४ (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा व्हिसा) वर ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळालं आहे, धाकटाही शाळेत जायला लागला आहे. ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांची इथे एजन्सी आहे. ते म्हणाले, "प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टीचं लायसन्स काढा, लगेच कामावर घेतो." म्हणजे घर, गाडी, दुकान यांचा विमा विकायचा परवाना. मला वाटलं, आपलंच क्षेत्र आहे, होऊन जाईल. ऑनलाइन कोर्स घेतला, पुस्तक दोनदा वाचून काढलं, आणि परीक्षेत ६४ मिळाले. पास व्हायला ७० लागतात. तेव्हापासून पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. घरात सगळे विचारतात, "तुला तर हे सगळं येतं ना, मग झालं काय?" नवऱ्याच्या मित्राकडे "परीक्षेत आलेले खरे प्रश्न" अशी एक पीडीएफ आहे, ती पाठवतो म्हणतोय. ती घेऊ, की पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचू? आणि नापास झाल्याचं एजन्सीवाल्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगू का? कृपया नाव छापू नका.
फ्रिस्कोची एक वाचक

उत्तर

नमस्कार,

पीडीएफचं आधी बोलते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. घेऊ नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणार नाही, हे प्रत्येक उमेदवाराकडून मान्य करून घेतलेलं असतं. म्हणजे ती पीडीएफ कुणीतरी शब्द मोडून बनवली आहे. शिवाय अशा कागदांवरची उत्तरं बहुतेक वेळा कुणीतरी आठवणीतून लिहिलेली असतात आणि त्यातली कितीतरी चुकीची असतात. पुढच्या काही महिन्यांत तुम्ही बोटांचे ठसे देणार, राज्याचा विमा विभाग तुमची पार्श्वभूमी तपासणार, आणि मग लोक तुमच्या शब्दावर घराचे आणि गाडीचे हप्ते भरणार. या कामाची सुरुवात तुमच्यासारख्या बाईने अशा कागदावरून करू नये. मित्राला सरळ सांगा, "नको, मी माझी करते तयारी."

आता ६४ बद्दल. ज्याला विषयच कळलेला नाही असा माणूस ६४ पर्यंत पोचत नाही. पण पुस्तक तिसऱ्यांदा वाचून तुम्ही ७० च्या पुढे जाल, असं मला वाटत नाही. वाचताना तुम्हाला प्रत्येक पानावर ओळखीचं काहीतरी भेटतं, मान हलते, पान उलटतं. परीक्षा मात्र त्या ओळखीच्या गोष्टीच्या पुढचं विचारते: मर्यादा किती, कुणाला लागू, कुठल्या अपवादाने रद्द. मी या धंद्यात टेक्सासमध्येच वाढले आणि एजन्सीत आलेल्या नव्या मुलामुलींना शिकवत आले. भारतातून विम्याचा अनुभव घेऊन आलेली माणसं नेमकी इथेच अडखळताना पाहिली आहेत.

तुमचा सांगलीचा अनुभव फुकट गेलेला नाही. इन्श्युरेबल इंटरेस्ट, इंडेम्निटी, सबरोगेशन, प्रॉक्झिमेट कॉज, ही विम्याची मूळ तत्त्वं तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी येतील. फायर पॉलिसीतला अ‍ॅव्हरेज क्लॉज (विमा कमी घेतला तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी) तुम्ही प्रत्यक्ष क्लेममध्ये लावलेला आहे. इथलं कोइन्शुरन्स त्याचंच भावंड आहे. पण तोच अनुभव तीन जागी तुम्हाला फसवतो.

पहिली जागा म्हणजे गाडी. भारतात थर्ड पार्टीच्या मृत्यूला किंवा इजेला कायद्याने रकमेची मर्यादा नाही. ट्रिब्युनल जे ठरवेल ते कंपनी भरते. त्यामुळे "लिमिट संपलं, बाकीचं तुमचं तुम्ही भरा" हा विचारच तुमच्या डोक्यात कधी आलेला नाही. इथे सगळा खेळ लिमिटचा. टेक्सासमध्ये किमान कव्हर ३०/६०/२५. म्हणजे एका जखमी माणसाला जास्तीत जास्त ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६० हजार, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला २५ हजार. समजा तुमच्या ग्राहकाच्या चुकीने तिघं जखमी झाले, खर्च ४० हजार, २० हजार आणि १५ हजार, आणि समोरच्याची गाडी ३२ हजारांना गेली. पहिल्याला ३० च्या वर मिळत नाही. मग ३०, २० आणि १५ मिळून ६५ होतात, पण अपघाताची कमाल मर्यादा ६०, म्हणून ६०. गाडीचे २५. कंपनी एकूण ८५ हजार देते, आणि वरचे २२ हजार ग्राहकाच्या खिशातून. हे गणित आकडे बदलून रोज एकदा करा. आठवडाभरात हात बसेल.

दुसरी जागा घर. भारतात घराचा विमा हौसेने किंवा गृहकर्जाबरोबर आला तर आला, शाखेत त्याचं काम किती असायचं ते तुम्हीच आठवा. इथे कर्ज देणारी बँक पॉलिसीशिवाय घराची किल्ली हातात पडू देत नाही, आणि परीक्षेत होमओनर्स, म्हणजे घराचा विमा, हा सगळ्यात जड भागांपैकी एक. म्हणजे जे तुम्ही कधी हाताळलंच नाही, त्यावरच भरपूर गुण.

तिसरी जागा म्हणजे शब्द. पॉलिसीतल्या एका "ओन्ली" किंवा "अनलेस" ने इथे उत्तर फिरतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: पुस्तक मिटा आणि स्वतःच्या घराची पॉलिसी वाचा. पहिलं पान नव्हे, त्या डेक्लरेशन्सवर फक्त नाव, पत्ता, रकमा असतात. कंपनीच्या साइटवर लॉगिन करून पूर्ण पॉलिसी आणि सगळ्या एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली बदलांची पानं) उतरवून घ्या, छापा आणि पेन्सिल घेऊन बसा. तुमच्या कंपनीचा फॉर्म तिचा स्वतःचा असेल. टेक्सासमध्ये एचओ-ए, एचओ-बी असे घराच्या पॉलिसीचे जुने फॉर्मही कानावर येतील. पुस्तकात आयएसओचे, म्हणजे विमा कंपन्यांसाठी फॉर्म बनवणाऱ्या संस्थेचे, नमुना फॉर्म आहेत. तेव्हा समासात दोन्ही आकडे लिहीत जा: माझ्या पॉलिसीत काय, पुस्तकात काय. परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं. पण दोन आकडे शेजारी पाहिले की दोन्ही लक्षात राहतात.

समजा तुमच्या घराचं कव्हरेज ए ५ लाख डॉलरचं आहे. हे घर पुन्हा बांधायला लागणारे पैसे. बाजारभाव वेगळा, त्यात जमिनीची किंमत असते, आणि जमीन जळत नाही. एचओ-३ या घराच्या नेहमीच्या फॉर्मच्या नमुन्याप्रमाणे बी, म्हणजे कुंपण, शेड वगैरे वेगळी बांधकामं, ए च्या १० टक्के: ५० हजार. सी, म्हणजे घरातलं सामान, ५० टक्के: अडीच लाख. डी, म्हणजे घर राहण्याजोगं नसताना दुसरीकडे राहण्याचा जादा खर्च, ३० टक्के: दीड लाख. ई म्हणजे तुमच्यावर येणारं दायित्व आणि एफ म्हणजे पाहुण्यांच्या किरकोळ औषधपाण्याचा खर्च. आता घरातून एक फेरी मारा आणि प्रत्येक वस्तूला अक्षर द्या. भिंतीत बसवलेलं कपाट ए. सोफा सी. मागच्या अंगणातली शेड बी. शेजाऱ्याचा मुलगा जिन्यावरून पडला तर एफ, आणि त्याच्या आईवडिलांनी दावा ठोकला तर ई.

मग देवघराशेजारच्या त्या कपाटापाशी थांबा, जिथे मंगळसूत्र, पाटल्या आणि सासूबाईंचा लक्ष्मीहार आहे. आपल्या घरांमध्ये हा मुद्दा खरोखर महागात पडतो, आणि परीक्षेतही तो हमखास सापळा असतो. सामानाचं कव्हर अडीच लाखांचं असलं तरी दागिन्यांच्या चोरीला वेगळी छोटी मर्यादा असते. पुस्तकात तो आकडा १,५०० डॉलर दिसेल. इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण वाक्य नीट वाचा: ती मर्यादा चोरीपुरती आहे. तेच दागिने घराच्या आगीत गेले तर ती लागू नाही. प्रश्नात "आग" असेल आणि पर्यायांत १,५०० असेल, तर तो पर्याय घाईत वाचणाऱ्यासाठीच ठेवलेला असतो. पुढचा प्रश्न असाही येऊ शकतो की बॅग परदेशातल्या विमानतळावर चोरीला गेली तर काय. सामानाचं कव्हर जगभर चालतं, त्यामुळे मुंबई विमानतळावर गेलेली बॅगही त्यात येते, डिडक्टिबल (नुकसानीतली ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम) वजा करून. बॅगेत दागिने असतील तर पुन्हा तीच मर्यादा. खरं सोनं राखायचं तर त्याची यादी करून, किंमत काढून, वेगळं शेड्यूल घ्यावं लागतं. लायसन्स मिळाल्यावर मराठी घरांत सगळ्यात आधी हेच समजावून सांगाल, असं मला मनापासून वाटतं. इतक्या घरांत ते कुणी सांगितलेलंच नसतं.

आता छप्पर. उत्तर टेक्सासमध्ये वसंतात गारा पडल्या की दारोदार रूफर, म्हणजे छप्पर दुरुस्त करणारे, फिरायला लागतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तुमच्या डेक्लरेशन्सवर वारा आणि गारांचं डिडक्टिबल वेगळं लिहिलेलं असेल, आणि बहुधा डॉलरमध्ये नसून टक्क्यांत. ते टक्के नुकसानीचे नसतात, कव्हरेज ए चे असतात. ५ लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे १० हजार. छपराचा खर्च १८ हजार आला तर कंपनीकडून ८ हजार. जो नुकसानीवर २ टक्के काढेल त्याचं उत्तर ३६० येतं, आणि ते डिडक्टिबल म्हणून पर्यायांत छान दिसतं. "डिडक्टिबल आम्ही सोडतो" म्हणणारे रूफरही भेटतील. टेक्सासमध्ये २०१९ पासून तसं करायला कायद्याने बंदी आहे, डिडक्टिबल घरमालकालाच भरावं लागतं.

पाण्याचे प्रश्न एका बैठकीत करा, कारण ते एकमेकांशेजारी ठेवले तरच कळतात. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत आपल्या भागात किती घरांचे पाइप फुटले, ते सगळ्यांना आठवतं. अचानक फुटलेल्या पाइपच्या पाण्याने फरशी आणि भिंत गेली तर कव्हर आहे. पाइपपर्यंत पोचायला भिंत फोडावी लागली, तर ती फोडून पुन्हा बांधायचा खर्चही आहे. तो पाइप स्वतः दुरुस्त करायचा खर्च मात्र नाही. घर रिकामं ठेवून हीटिंग बंद करून गेलात आणि पाणीही बंद केलं नाहीत, तर गोठण्याचं कव्हर जातं. आठवडेच्या आठवडे झिरपलेलं पाणी, नाही. बाहेरून जमिनीवरून आत आलेलं पाणी म्हणजे पूर, आणि पूर होमओनर्समध्ये अजिबात नाही. २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळात ह्यूस्टनकडच्या हजारो कुटुंबांना हे घरात पाणी भरल्यावर कळलं. पुरासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, १९६८ पासूनचा: राहत्या घराला कमाल अडीच लाख, सामानाला एक लाख, आणि पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवस थांबावं लागतं. वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर फोन करून उपयोग नाही, हेच त्या ३० दिवसांमागचं कारण, आणि कारण कळलं की आकडा विसरत नाही. डॅलसकडची चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, घर खचतं, दारं लागेनाशी होतात. ते खचणं आणि तडेही वगळलेले आहेत.

एचओ-२ पासून एचओ-८ पर्यंतचे फॉर्म पाठ करताना गोंधळ होतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. प्रत्येक फॉर्मला दोनच प्रश्न विचारा. इथे राहतं कोण? भाडेकरू असेल तर एचओ-४, कॉन्डोचा मालक असेल तर एचओ-६, आणि घर इतकं जुनं की पुन्हा तसंच बांधायचा खर्च बाजारभावापेक्षा फार जास्त, तर एचओ-८. दुसरा प्रश्न: सिद्ध कुणी करायचं? नेम्ड पेरिलमध्ये नुकसान यादीतल्या कारणानेच झालं हे ग्राहकाने दाखवायचं. ओपन पेरिलमध्ये ते वगळलेल्या कारणाने झालं हे कंपनीने दाखवायचं. एचओ-२ मध्ये घर आणि सामान दोन्ही नेम्ड. एचओ-३ मध्ये घर ओपन, सामान नेम्ड. एचओ-५ मध्ये दोन्ही ओपन. तुम्ही क्लेममध्ये काम केलं आहे. पुरावा कुणावर, याचा अर्थ तुम्हाला पुस्तकाच्या लेखकापेक्षा जास्त कळतो. त्याचा फायदा घ्या.

कोइन्शुरन्सचं गणित सोडू नका, ते फुकटचे गुण आहेत. इमारतीची किंमत ४ लाख, ८० टक्क्यांची अट, म्हणजे ३ लाख २० हजारांचा विमा हवा होता. घेतला २ लाख ४० हजारांचा. नुकसान ४० हजार. घेतलेला भागिले हवा असलेला, म्हणजे पाऊण, गुणिले ४० हजार: ३० हजार. त्यातून १ हजार डिडक्टिबल गेलं की २९ हजार. क्रम लक्षात ठेवा, आधी भागाकार आणि मग डिडक्टिबल. आणि एक बारीक गोष्ट: होमओनर्समध्ये विमा कमी पडला तर असं प्रमाण काढून येणारी रक्कम किंवा अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू (झीज वजा करून उरणारी किंमत), यातली जी जास्त असेल ती मिळते. फायरच्या सवयीने तुम्ही हे नक्की विसराल, म्हणून लाल पेनने लिहा.

गाडीची पॉलिसीही अशीच उतरवून वाचा. हरीण आडवं येऊन गाडीवर आदळलं तर ते कोलिजन, म्हणजे टक्कर, नव्हे. ते ‘टक्कर सोडून बाकीचं’ या वेगळ्या भागात जातं. यावर प्रश्न ठरलेला.

व्यापारी विम्याचा फॉर्म तुमच्या घरात नसेल. तिथे तुम्ही दर आठवड्याला ज्या भारतीय दुकानात भाजी घ्यायला जाता ते डोळ्यासमोर आणा. ओल्या फरशीवर ग्राहक घसरला: जनरल लायबिलिटी, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या इजेचं दायित्व. तिथेच काम करणारा मुलगा घसरला: तो तिथे येत नाही, ते वर्कर्स कॉम्पचं, म्हणजे कामगाराच्या इजेच्या विम्याचं. ग्राहकाने पॅक करून नेलेला ढोकळा घरी खाऊन विषबाधा झाली: प्रॉडक्ट्स. दुकानाची व्हॅन ठोकली: कमर्शियल ऑटो. आगीने दुकान महिनाभर बंद: बिझनेस इन्कम, आणि त्यात नमुना फॉर्मप्रमाणे पहिले ७२ तास धरत नाहीत. ऑकरन्स आणि क्लेम्स-मेड यातला फरक मात्र शांतपणे बसून करा. पहिल्यात नुकसान कधी झालं ते बघायचं, दुसऱ्यात दावा कधी आला ते. तारखा टाकून स्वतःच उदाहरणं बनवा.

टेक्सासच्या कायद्याचा भाग शेवटच्या आठ-दहा दिवसांत घ्या, कारण ते निव्वळ पाठांतर आहे आणि लवकर उडून जातं. विमा आयुक्ताची नेमणूक गव्हर्नर करतात, दोन वर्षांसाठी. दाव्याची सूचना मिळाल्यावर कंपनीने १५ दिवसांत पोच द्यायची, सगळे कागद मिळाल्यावर कामकाजाच्या १५ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, हो म्हटल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत पैसे द्यायचे. गाडीच्या पॉलिसीत पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन (चूक कुणाचीही असो, गाडीतल्यांच्या इजेचा खर्च) आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (विमा नसलेल्याने ठोकलं तर) कंपनीला देऊ करावंच लागतं, ग्राहकाला नको असेल तर नकार लेखी हवा. इथे खासगी मालकाला वर्कर्स कॉम्प सक्तीचं नाही. पुस्तकाचा सामान्य भाग याच्या उलट वाटेल, कारण बाकी राज्यांत चित्र वेगळं आहे. प्रश्नात "टेक्सासमध्ये" हा शब्द दिसला की पेन थांबवा. किनाऱ्यावरच्या भागासाठी वादळाची वेगळी व्यवस्था आहे, टीडब्ल्यूआयए, ती १४ किनारी काउंटी आणि हॅरिस काउंटीच्या काही भागापुरती. आपल्या डॅलसचा तिच्याशी संबंध नाही, पण परीक्षेचा आहे.

तुमच्या निकालाच्या कागदावर विभागवार कामगिरी दिली असेल. तो कागद रागाने ड्रॉवरमध्ये टाकला असेल तर काढा. ज्या विभागात सगळ्यात कमी, तिथून सुरुवात. परीक्षेच्या हँडबुकमध्ये कुठल्या विषयाला किती प्रश्न हे छापलेलं असतं, ते शेजारी ठेवा. जिथे प्रश्न जास्त आणि तुमचे गुण कमी, तिथे दुपारचे दोन तास. जिथे दोन-तीन प्रश्न आहेत, तिथे एक संध्याकाळ पुरे.

सराव परीक्षांचं एक सांगते. तेच प्रश्न पुन्हा सोडवले की गुण आपोआप ९० वर जातात आणि माणूस निर्धास्त होतो. प्रश्न चुकला तर बरोबर उत्तर वाचून पुढे जाऊ नका. बाकीचे तीन पर्याय का चूक, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहा, आणि मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिताना आपण पुस्तकातलं वाक्य उतरवतो, मराठीत लिहायचं तर आधी कळावं लागतं. वेळ लावून दिलेल्या, आधी न पाहिलेल्या पेपरात ८० च्या वर सातत्याने यायला लागलात की तारीख घ्या. प्रश्न वाचताना शेवटची ओळ आधी वाचा: "एक्सेप्ट" किंवा "नॉट" असेल तर तिथेच कळतं. मोरल आणि मोराल हझार्डसारखे जुळे पर्याय आले तर हेतू शोधा. विम्याच्या पैशासाठी स्वतःच गाडी पेटवणारा मोरल, विमा आहे म्हणून किल्ली गाडीतच ठेवून जाणारा मोराल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. आणि मध्येच एखादा कधीच न वाचलेला प्रश्न आला तर घाबरू नका. पेपरात न मोजले जाणारे चाचणीचे प्रश्न मिसळलेले असतात, तो त्यातलाच असू शकतो.

परीक्षेसाठी नाव नोंदवताना ते ओळखपत्रावर आहे अगदी तसं द्या. आपल्या बायकांचं यात फार अडतं: पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते नाहीच, कुठे माहेरचं आडनाव. केंद्राच्या दारात नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी जाते. आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

छातीत धडधडतं त्यावर मला एवढंच सुचतं, की पुस्तक हे त्या दिवसाशी जोडलं गेलंय. छापलेली पॉलिसी जोडलेली नाही. म्हणूनही तिथून सुरुवात करा. घरच्यांना सांगा, "मला विमा येतो, इथले फॉर्म नवे आहेत." हे खरंच आहे, आणि रोज विचारणं थांबेल. दुपारच्या त्या दोन तासांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि शनिवारी सकाळी मुलाला त्याच्या बाबांबरोबर बाहेर पाठवून पूर्ण वेळाचा एक पेपर द्या.

पास झाल्यावर वर्षाच्या आत लायसन्ससाठी ऑनलाइन अर्ज, ५० डॉलर फी आणि ठसे. लायसन्स दोन वर्षांचं, आणि त्या काळात २४ तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. लायसन्स आणि काम करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नका. ईएडीची मुदत संपली की लायसन्स हातात असूनही काम थांबवावं लागतं. नूतनीकरणाचा अर्ज शक्य तितका लवकर टाका, आणि तारखांबद्दल वकिलालाच विचारा.

राहिले एजन्सीवाले. आजच फोन करा आणि सांगा, "६४ आले, पुन्हा देतेय." या धंद्यातल्या माणसाला पहिल्या प्रयत्नात राहिलेले लोक नवे नाहीत. त्याला अंदाज हवा असतो की तुम्ही केव्हा बसू शकाल. त्याच फोनवर विचारून घ्या की त्यांना जनरल लाइन्सच (म्हणजे हेच प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टीचं पूर्ण) लायसन्स हवं आहे, की पर्सनल लाइन्स चालेल. घर आणि गाडी एवढंच विकायचं असेल तर पर्सनल लाइन्सची परीक्षा आटोपशीर आहे आणि तुम्ही लवकर कामाला लागाल. दुकानं, मोटेल, गॅस स्टेशन असे ग्राहक असतील तर जनरल लाइन्सच काढा, तुमची अर्धी तयारी तशीही झालेली आहे. पगार की कमिशन, नूतनीकरणावर काय मिळणार, आणि उद्या एजन्सी सोडली तर तुम्ही आणलेले ग्राहक कुणाचे, हेही विचारा आणि लेखी घ्या. ओळखीचे आहेत म्हणून संकोच करू नका.